परशाअण्णाचा घ

मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. असं म्हणणारे बहुतेक त्या माणसाचे शेजारी नसतात. परशराम घारे माझा शेजारी होता, एका भिंतीचा. ती भिंत त्यानंच बांधली होती, आणि तिचा ओळंबा सूतभरही चुकलेला नाही असं तो मला उभा जन्म ऐकवत होता. चुकलेला नाही हे खरं आहे. पण रोज ऐकवायचं काय कारण?

गावात त्याला परशाअण्णा म्हणत. धंद्यानं गवंडी. उंच, वाळका, नाक पुढं आलेलं आणि मान एका बाजूला वाकडी. मान वाकडी झाली ती वर बघून बघून. गवंड्याची नजर भिंतीवर असावी, ह्याची आभाळात. आमचं गाव बेळगुंदीच्या पलीकडं, जांबोटीच्या डोंगराकडं तोंड करून बसलेलं. इथं दुसऱ्या कशाची टंचाई असेल, घारींची नाही. एखादी घार वर फिरायला लागली की अण्णाच्या हातातली थापी थांबायची.

"बघा, बघा. पंख हलवतीया का? न्हाय. हिला म्हंत्यात घार."

तोवर घमेल्यातला माल आळून जायचा. सिमेंट मालकाचं, घार अण्णाची.

ह्या सगळ्याचं कारण त्याचं आडनाव. "आमी घारीच्या कुळातलं," असं तो सांगायचा. कुणी सांगितलं विचारलं तर म्हणायचा, आज्यानं. आज्याला कुणी सांगितलं हे मी कधी विचारलं नाही, कारण मग थापी पुन्हा थांबली असती.

एकदा माझ्या कोंबडीनं अकरा पिलं काढली होती. अण्णा परांचीवर उभा राहून माझ्याच न्हाणीघराच्या भिंतीला गिलावा करत होता. मी पिलांना कण्या टाकायला परड्यात आले आणि माझ्या डोळ्यांदेखत घार आली, एक पिलू उचललं आणि गेली. मी बोंब मारली. वरनं आवाज आला, "आक्का, झेप बघितलीस?"

"झेप कसली? माझं पिलू गेलं!"

"व्हय की. पर झेप बघितलीस का?"

मी पायातली चप्पल काढून फेकली. त्याला लागली नाही, मालाच्या घमेल्यात पडली. त्यानं ती काढली, धुतली, खाली आणून दिली आणि म्हणाला, "ह्यो असला नेम घिऊन तुला घारेंच्यात कुणी करून घेतली नसती."

घर पुरं झालं की दाराच्या वर, ओल्या गिलाव्यात, थापीच्या टोकानं तो दोन फटकारे ओढायचा. ती म्हणे घार. आमच्या गावात आणि आजूबाजूच्या चार गावांत अशा पुष्कळ घारी आहेत. माझ्या दारावरची घारीपेक्षा उलट्या पडलेल्या चपलेसारखी जास्त दिसते. मी तसं सांगितलं तर म्हणाला, तू फेकलीस तीच काढलिया.

त्याचं एक बोलणं मात्र मला पटायचं. "भिंत खोटं बोलत न्हाय आक्का. गिलावा बोलतोय." लोकांच्या वाकड्या भिंती सरळ दिसतील अशा झाकून देण्यात त्याचा जन्म गेला. कुणाच्या घरात कुठं भेग आहे, कुठली भिंत पोटातून फुगलेली आहे, हे त्याला ठाऊक असायचं आणि तो कुणाला सांगायचा नाही. झाकणं हा धंदा होता. आणि नेमकं तेच त्याच्या नावाला येऊन चिकटलं.

ते असं झालं. पुष्कळ वर्षांमागं तो रेशनचं कार्ड काढायला शहरातल्या कचेरीत गेला. तिथला क्लार्क कन्नड. त्यानं नाव विचारलं, हा म्हणाला परशराम घारे. काम काय विचारलं, हा म्हणाला गिलावा. आता कन्नडमध्ये गिलाव्याला म्हणतात गारे. गारे केलसा म्हणजे गिलाव्याचं काम. क्लार्क एकदम खूश झाला.

"गारे केलसा, हेसरुनू गारे! सरी आयतल्ला, अज्जा!"

म्हणजे काम गारे आणि नावही गारे, छानच झालं की. इतका सरळ हिशोबाचा माणूस त्याला दिवसभरात भेटला नसावा. त्यानं कन्नडमध्ये गारे लिहिलं आणि इंग्रजीत लिहिताना एच गाळला. कन्नडला घ नाही असं नाही, आहे, चांगला धडधाकट आहे. पण बोलताना कधीकधी त्याचा ग होतो, जसं आमच्या तोंडात नाहीचं न्हाय होतं. त्यात पाप काही नाही. पण क्लार्कला कन्नड येत होतं आणि अण्णाला वाचता येत नव्हतं, एवढ्यानं घारीचा गिलावा झाला.

हे त्याला कळलं तोवर उशीर झाला होता. रेशनला गारे, विजेच्या मीटरला गारे, मुलाच्या कागदांना गारे. मुलगा सुरेश बेळगावात फौंड्रीत आहे. त्याला ह्याचं काही सोयरसुतक नव्हतं.

"आप्पा, माझा पगार गारेच्या नावावर येतोय. घारे म्हणून गेलो तर गेटवरचा आत सोडायचा न्हाय."

"आरं पर गारे म्हंजे गिलावा!"

"मग? गिलावाच करतासा न्हवं?"

 रस्त्यात कुणी "ओ गारे!" म्हणून हाक मारली की अण्णाला वळावं लागायचं, कारण हाक मारणाऱ्याकडं बहुतेक काम असायचं. तो वळायचा, पण एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून.

त्याची नात रेणुका. दहावीला चांगले मार्क पडले आणि मार्कांच्या कार्डावर नाव आलं गारे. मग अण्णानं मनावर घेतलं. बारावीचा फॉर्म जायच्या आत एच परत आणायचा, नाहीतर पुढं नोकरी, पासपोर्ट, सगळं गिलाव्यात जाणार. "मी मेलो तर मरू दे," तो म्हणायचा, "पर पोरीच्या म्होरं घार ऱ्हायला पायजे." मी म्हटलं, पोरीच्या पुढं नवऱ्याचं नाव लागेल, तुझी घार तिथवर तरी पोचते का बघ. त्यानं मला आठ दिवस ताक दिलं नाही.

रेणुकाच्या कॉलेजात एक भाषा निवडायची होती. आजा म्हणाला मराठी घे. बाप म्हणाला कन्नड घे, नोकरीला बरं. पोरीनं दोघांचंही नीट ऐकून घेतलं आणि फ्रेंच घेतलं. मार्क भरपूर पडतात म्हणे. आमच्या ह्या मुलखात दोन भाषांचं भांडण मिटवायचा असा सोपा उपाय आजवर एकाही पुढाऱ्याला सुचला नव्हता.

अण्णा दोन दिवस फुगून बसला. तिसऱ्या दिवशी कट्ट्यावर येऊन पोरीला म्हणाला, "त्या तुझ्या फ्रेंचात घारीला काय म्हंत्यात गं?"

रेणुकानं फोनमध्ये बघितलं. "मिलाँ, आजा."

"मिलन?"

"मिलन न्हवं, मिलाँ. लिहायचं मिलान."

"मिलन तर लग्नाच्या हॉलचं नाव असतंय. घारीला मिलन म्हंत्यात?"

मी शेजारी गवार मोडत बसले होते. म्हटलं, "बरोबर हाय की. माझ्या पिलाचं आन तुझ्या घारीचं झालं ते मिलनच."

अण्णाला राग आला नाही. तो विचारात पडला होता. घारीला हे नाव कुणी ठेवलं, कशावरून ठेवलं, ते पुस्तकात असेल का, असं त्यानं पोरीला तीनतीनदा विचारलं. पोर म्हणाली, आमच्या मॅडमना माहीत असेल. झालं. दुसऱ्या दिवशी माझी डोळे दाखवायची पाळी होती, मला शहरात जायचंच होतं. हा इस्त्रीचा शर्ट घालून त्याच बसला उभा.

कॉलेजच्या फाटकावर वॉचमननं अडवलं. "काय काम हाय?"

"शबुद इचारायचाय," अण्णा म्हणाला.

"कसला शबुद?"

"मिलन."

वॉचमननं आधी त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. माझ्या एका डोळ्यात औषध घातलेलं, तो गळत होता. काय समजायचं ते त्यानं समजून घेतलं आणि हसून आत सोडलं. मी अण्णाला म्हटलं, पुन्हा तुझ्याबरोबर शहरात आले तर नाव बदलीन. तो म्हणाला, कचेरीत जा, फुकट बदलून देतेत.

मॅडम पोरसवदा होती, गोव्याकडची. तिनं आम्हाला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, आणि एक जाडजूड पुस्तक उघडलं. गवंड्यानं येऊन फ्रेंच घारीची चौकशी करावी ह्याचं तिला नवल वाटलं असेल, पण तिनं तसं दाखवलं नाही. बोटानं ओळ दाखवत सांगायला लागली. आजचा शब्द मिलाँ. तो आला त्या देशाच्या दक्षिणेकडच्या बोलीतून. तिथं आला जुन्या लॅटिनमधून, साध्या माणसांच्या तोंडच्या. आणि शिकलेल्यांच्या लॅटिनमध्ये तो होता मिलवुस.

"आन त्याच्या आदी?"

"त्याच्या आधीचं माहीत नाही. मूळ सापडत नाही, असंच लिहिलंय."

"म्हंजे बाप घावला, आजा घावला, पणजा घावला. खापरपणजा न्हाय."

मॅडम हसली. "तसंच."

"आमच्यापेक्षा बरं हाय. पर पणज्याच्या नावात व हुता न्हवं? त्यो कुठं गेला?"

"वापरता वापरता झिजला."

"झिजला तर झिजू दे. कचेरीत तर न्हाय ना गेला?"

मॅडमला हे कळलं नाही. मग त्यानं तिला अथपासून इतिपर्यंत गारेची कथा सांगितली. मला वाटलं होतं मॅडम कंटाळेल. पण ती गालाला हात लावून ऐकत होती. फ्रेंच शिकवणाऱ्यांना इथं रोज कोण विचारायला येतंय?

निघताना अण्णानं पुस्तकातल्या शब्दावर बोट ठेवलं. "नात म्हनती हितं शेवटी न लिवलाय. तुमी म्हनताना तर म्हनत न्हाई."

"तो नाकात जातो. फ्रेंचमध्ये अशी पुष्कळ अक्षरं आहेत. लिहायची, पण म्हणायची नाहीत."

"म्हनत न्हाईत तर लिवत्यात कशाला?"

"कधीकाळी म्हणत होते म्हणून. अक्षर तेवढं राहिलंय."

अण्णा उठलेला पुन्हा खुर्चीत बसला. देवळात घंटा वाजल्यावर बसतात तसा. नंतर बसमध्ये मला म्हणाला, "आक्का, तिकडं न म्हटलेलं लिवत्यात. हिकडं म्हटलेलं लिवीत न्हाईत." पहिल्यांदा ते ऐकायला मलाही बरं वाटलं. मग त्यानं ते कंडक्टरला सांगितलं, पुढच्या बाकावरच्या दोघांना सांगितलं, आणि बेळगुंदीला उतरणाऱ्या एका बाईला तिचा थांबा येऊन गेला तरी सांगत राहिला.

त्या दिवसापासून माझ्या स्वयंपाकघराचा ओटा रखडला. अर्धा ओटा झाला होता, अर्ध्या जागी विटा. अण्णा कचेरीत. मी अकरा दिवस खाली बसून स्वयंपाक केला, गुडघे माझे, घार त्याची.

कचेरीत पहिल्या दिवशी काय झालं ते त्यानंच मला सांगितलं, हसायचं नाही अशी शपथ घालून. ह्यानं डोकं लढवलं होतं. मराठीत सांगून घोळ झाला तर आता कन्नडमध्ये सांगू. त्याच्या हाताखाली एक कन्नड गवंडी होता, त्याला विचारून घारीचा कन्नड शब्द पाठ केला. हद्दु. खिडकीपाशी जाऊन छाती काढून म्हणाला, "नम्म हेसरु हद्दु." आमचं नाव हद्दु. खिडकीतल्या माणसानं वर न बघता सांगितलं, तिकडं, शेवटची खिडकी. हा तिकडं रांगेत उभा राहिला. दोन तास. पाळी आली तर आतला म्हणतो, सर्व्हे नंबर बोला.

कन्नडमध्ये हद्दु म्हणजे घार, आणि हद्दु म्हणजे हद्दही. जमिनीची मोजणी करून हद्द कायम करतात, त्या खिडकीला त्याला धाडलं होतं.

मी शपथ मोडली. हसून हसून माझ्या दुखऱ्या डोळ्याला पाणी आलं. माझ्या लग्नाच्या आधीपासून ह्या मुलखात लोक हद्दीवरून भांडतात, सभा होतात, बंद होतात, आणि शेवटी कचेरीनं हद्द विचारली ती कुणाला, तर आमच्या परशाअण्णाला. तो म्हणाला, "हास. तुझा ओटा मी महिनाभर पुरा करत न्हाय."

दुसऱ्या वेळी मी बरोबर गेले, ओट्याच्या काळजीनं. खिडकीवर चष्मा लावलेला एक मध्यमवयीन क्लार्क होता. सज्जन माणूस, आमच्यासाठी मोडकं मराठी बोलत होता. अण्णानं त्याला मिलाँची सगळी वंशावळ सांगितली. बाप, आजा, पणजा. मग शेवटी, "सायेब, फ्रान्सात तोंडानं म्हनत न्हाईत ती अक्षरंसुदीक लिवत्यात. मी तर म्हनतोय. घ. ऐका, घ. येवडं म्हटलेलं लिवायला काय हुतंय तुमास्नी?"

मागच्या रांगेतली माणसं ऐकत होती. क्लार्कनं चष्मा काढला, पुसला.

"अज्जा, फ्रान्सचं ऑफिस हितं न्हाय. ते आसतं तर मीच नेऊन सोडलो आसतो. मला प्रूफ पायजे. जुनं शाळेचं दाखला आना. त्यात घ दाखवा, मी घ लिवतो. आज दाखवा, आज लिवतो."

ह्याहून सरळ कोण बोलेल? अण्णाचा चेहरा असा फुलला की मला ओट्याची आशा वाटली. कारण शाळेचा दाखला म्हणजे आमची जुनी मराठी शाळा. अण्णा तिथं दोन वर्षं होता, मी चार. आणि आमचे मास्तर. मराठीचे एवढे कडवे की वर्गात कुणी कन्नड शब्द बोललं तर अंगठे धरायला लावायचे. वेलांटी चुकली तर छडी, रेघ चुकली तर छडी. "त्यांच्या वहीत घारच असणार," अण्णा वाटेत म्हणाला. "मास्तर मेलं, पर अक्षर मरत न्हाय."

शाळेतल्या बाईंनी कपाटातून रजिस्टर काढलं. कडा वाळवीनं खाल्लेल्या, पण आमच्या वर्षाचं पान शाबूत. माझं नाव सापडलं, त्याच्या वर चार ओळींवर त्याचं. अक्षर मोत्यासारखं. मी वाचलं आणि गप्प बसले. मी सहसा गप्प बसत नाही, तेव्हा त्याला कळायला हवं होतं.

"वाच की."

"धारे परशराम."

"काय?"

"ध हाय अण्णा. धारे."

"डोळ्यात आवशीद घातलंयस तू. नीट बघ."

मी नीट बघितलं. बाईंनी बघितलं. घ आणि ध ह्यांच्यात फरक तो किती? एकाच्या डोक्यावर सरळ रेघ, दुसऱ्याच्या डोक्याला गाठ आणि रेघ तुटलेली. इथं गाठ होती, ठसठशीत, आणि रेघ तुटलेली होती. ह्याच दोन अक्षरांसाठी ह्याच मास्तरांनी माझ्या तळहातावर छड्या मारल्या होत्या. त्या कशासाठी खाल्ल्या, हे विचारायला आता मास्तर नाहीत.

बाई म्हणाल्या, "दाखला देऊ का? पण जसं आहे तसंच लिहून द्यावं लागतं."

त्यानं दाखला घेतला. मला वाटलं फाडून टाकेल. पण आशा कशी असते बघा. तो घेऊन पुन्हा कचेरीत गेला, मी पुन्हा त्याच्यामागं. क्लार्कनं एका मराठी शिपायाकडून वाचून घेतलं.

"धारे हाय की ओ हितं. बरं. धारे करू का? प्रूफ चांगलं हाय. आट दिवसात हुतंय."

जन्मभर ज्या कचेरीनं त्याचं एक अक्षर दिलं नाही, ती आता आठ दिवसांत दुसरंच देत होती, तेही त्यानं आपल्या हातानं नेलेल्या पुराव्यावर. अण्णानं खिडकीतून हात आत घातला आणि कागद ओढून घेतला.

"नगं सायेब. गारे ऱ्हाऊ दे."

"का हो?"

"जवळचं हाय त्यातल्या त्यात."

कन्नड माणसानं फक्त ह खाल्ला होता. आमच्या मास्तरांनी अख्खी घार खाल्ली, छडी हातात घेऊन, मोत्यासारख्या अक्षरात. वाटेत तो एवढंच म्हणाला, "इतकी वर्सं मी त्या क्लार्कला शिव्या घातल्या गं." मी म्हटलं, आता निम्म्या मास्तरांना घाल. तो हसला नाही.

ओटा मात्र त्यानं दोन दिवसांत पुरा केला. काम नेहमीसारखं, सूतभर चूक नाही. जाताना थापी धुवायला लागला तेव्हा मी म्हटलं, "अण्णा, तुझी चप्पल काढायची ऱ्हायली की भिंतीवर."

"काय म्हनून काढू?" तो म्हणाला. "नाव कुनाचं हाय हे आदी ठरू दे."

माझ्या स्वयंपाकघरात घार नाही. त्यानं केलेल्या कामांत तेवढं एकच कोरं आहे.

रेणुकानं हे सगळं मॅडमना सांगितलं. मॅडम म्हणाल्या, कॉलेजातून जी यादी जाते तिच्यात मी एच घालून बघते, गेला तर गेला. मग अण्णाला परत धुगधुगी आली. परीक्षा झाली, निकाल लागला, पोरीला फ्रेंचमध्ये मार्क असे पडले की मराठी आणि कन्नड दोघींनी माना खाली घालाव्यात. पण कार्ड हातात यायला वेळ होता. तोवर अण्णाची छाती गेली. सगळा जन्म सिमेंट ओढलेलं, ते आत बसलं. डॉक्टरांनी फोटो दाखवला तेव्हा तो म्हणाला, आतनंबी गिलावा झालाय.

कार्ड आलं त्या दिवशी तो दुपारचा माझ्या कट्ट्यावर उन्हाला बसला होता. रेणुका कॉलेजातून आली आणि कार्ड पिशवीतच ठेवून उभी राहिली. हसावं तर हसवेना.

"दाव की गं."

"चांगलं मार्क हाईत आजा."

"मार्क तुझं. माझा एच हाय का?"

पोर माझ्याकडं बघायला लागली. अण्णा म्हणाला, "आक्काकडं दे. तिला गोड बोलता येत न्हाय."

मी चष्मा लावला. इंग्रजी मला येत नाही, पण त्या नावाची पाच अक्षरं त्यानं एवढ्या वेळा घोकून घेतली होती की मला झोपेत ओळखू आली असती. बोट ठेवून मोजली. चारच होती. वर बोर्डातल्या कॉम्प्युटरनं दहावीचं कार्ड बघून एच काढून टाकला होता.

"न्हाय अण्णा," मी म्हटलं. "जीला चिकटून ए हाय. मधी काय न्हाय."

तो वर बघायला गेला, पण मान वर करताना खोकला आला आणि त्यानं ती खाली घेतली. जरा वेळानं नातीला म्हणाला, "त्ये मिलन म्हण बगू."

"मिलाँ."

"शेवटचा न कुटं गेला?"

"लिहायचा, म्हणायचा न्हाय."

"हां. मग आपलं उलटं. लिवलं न्हाय, म्हनायचं. म्हन, घारे."

"घारे."

"वठानं न्हवं. छातीतनं. घ!"

त्यानं करून दाखवलं. घ बाहेर पडला आणि त्याच्यामागोमाग एवढा खोकला की पोर घाबरली. मी पाणी दिलं. घोट घेऊन त्यानं पुन्हा म्हणायला लावलं. पाचसहा वेळा. शेवटी रेणुकाचा घ असा निघाला की माझ्या परड्यातल्या कोंबड्या दडल्या. तेव्हा कुठं तो उठला.

काठी टेकत भिंतीच्या कडेनं आपल्या घराकडं निघाला. त्याच वेळी वीज मीटर बघणारा माणूस बोळात आला होता. हातात यंत्र, यंत्रात नाव. त्यानं पाठमोऱ्या अण्णाला हाक मारली, "ओ गारे!" अण्णा चालतच राहिला. त्यानं पुन्हा मारली, जोरात, "ओ गारे! ओ अज्जा गारे!" रेणुका सांगायला पुढं निघाली, मी तिचा हात धरला.

अण्णा दारातून आत गेला. वळला नाही. त्यानंतर तो बाहेर आला नाही, आठवड्यात आटोपलं. डोळे गेले होते, छाती गेली होती, गुडघे कधीच गेले होते. कान मात्र त्याचे शेवटपर्यंत चांगले होते.